पाण्यापासून नाण्यापर्यंत: पोतोसीचे आठ दिवस

बोलिव्हियातल्या पोतोसीला येणारे बहुतेक प्रवासी पहिल्याच सकाळी हेल्मेट घालून डोंगरात शिरतात, दुपारी टांकसाळ उरकतात आणि संध्याकाळच्या बसने उयुनीच्या मिठागराकडे निघून जातात. त्यांना डोंगर आठवतो, पोतोसी कळत नाही. सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर', चांदीने भरलेला होता हे खरंच. पण दगडातली चांदी सुटी होऊन तिचं नाणं पडायला पाणी, पारा, मीठ आणि सक्तीने आणलेल्या माणसांची यादी लागायची. स्पेनच्या साम्राज्याने इथे उभं केलं ते हे सगळं एकत्र आणणारं यंत्र. म्हणून खालचा क्रम चांदीच्या वाटेने लावला आहे: आधी कागद, मग पाणी, मग डोंगर, शेवटी टांकसाळ. वारही हिशेबाने धरले आहेत, कारण टांकसाळ सोमवारी बंद असते आणि रविवारी खाणीत फारसं कोणी नसतं.

पहिला दिवस, गुरुवार: सुक्रे

थेट पोतोसीला जाऊ नका. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. पोतोसीचा बाजारच त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर भरतो. सांता क्रुझ सखल भागात आहे. तिथून विमानाने सुक्रेला यावं (सुमारे २,८०० मीटर) आणि दोन रात्री इथेच काढाव्यात. पहिल्या दिवशी भरपूर पाणी, हलकं जेवण, दारू नाही, जिने सावकाश. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

या शहराची जुनी नावं चुकिसाका आणि ला प्लाता. प्लाता म्हणजे चांदी, आणि चांदीचा एक कणही इथे सापडत नाही. पोतोसीच्या खाणमालकांनी आपली बिऱ्हाडं या सौम्य हवेत थाटली. १५५९ मध्ये चार्कासची आउदिएन्सिया, म्हणजे वरिष्ठ न्यायालय, इथेच स्थापन झाली आणि १६२४ मध्ये जेझुइटांचं विद्यापीठही. कष्ट एका गावात, कज्जे दुसऱ्या गावात. पांढऱ्या चुन्याच्या भिंती आणि कौलारू छपरं पाहत मुख्य चौकातल्या 'कासा दे ला लिबेर्ताद'पर्यंत चालत गेलात की पहिल्या दिवसाला तेवढं पुरे. ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच इमारतीत झाला. सही करणारे बहुतेक या न्यायालयाच्या आणि विद्यापीठाच्या सावलीत वाढलेले क्रिओल वकील होते. क्रिओल म्हणजे अमेरिकेत जन्मलेले स्पॅनिश वंशाचे लोक. मूळच्या रहिवाशांची संख्या त्यांच्या कितीतरी पट होती, आणि तरी त्या सभेत ते जवळपास नव्हतेच.

दुसरा दिवस, शुक्रवार: यादी

सुक्रेतच राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि पोतोसीच्या खाणींची न्यायालयीन कागदपत्रं तिथे आहेत. वाचनालयात बसायचं असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. सतराव्या शतकातलं स्पॅनिश हस्ताक्षर मोडीइतकीच डोळ्यांची परीक्षा घेतं, पण कागदाचा आकार पाहिला तरी गोष्ट पोचते. हे साम्राज्य तलवारीवर आलं आणि कारकुनांवर टिकलं.

यातला मुख्य कागद 'मिता'चा. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो १५७२ च्या अखेरीस पोतोसीत आला आणि त्याने नियम बांधले. कुस्कोपासून आजच्या दक्षिण बोलिव्हियापर्यंतच्या सोळा-सतरा प्रांतांनी १८ ते ५० वयाच्या आपल्या पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला पाठवायचा. ही संख्या तेरा हजारांच्या वर जाई. त्यांचे तीन भाग. एका वेळी सुमारे साडेचार हजार माणसं कामावर: एक आठवडा पाळी, दोन आठवडे सुटी. मजुरी ठरलेली: खाणीत उतरणाऱ्याला दिवसाला साडेतीन रियाल (स्पॅनिश चांदीचं नाणं), दगड वाहणाऱ्याला तीन, गिरणीतल्याला पावणेतीन.

ही वेठबिगारच, फक्त मजुरी लावलेली. फसवी गोष्ट तिचं नाव. मिता इंकांच्या काळीही होती. आळीपाळीने राज्याचं काम करायचं आणि राज्याने कोठारातून पोसायचं. तोलेदोने नाव ठेवलं, कोठार काढून टाकलं. साडेतीन रियालांत पोतोसीत पोट भरत नसे, म्हणून 'सुटी'चे दोन आठवडे तोच माणूस 'मिंगा', म्हणजे रोजंदारीचा स्वतंत्र मजूर, होऊन त्याच डोंगरात उतरायचा.

यंत्रणा बिघडली कुठे, तेही याच कागदांत सापडतं. टिटिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून पोतोसीला यायला बायकामुलं आणि लामांसह दोन महिने चालावं लागे. बरेचजण परतलेच नाहीत. काही मेले, पुष्कळजण दुसऱ्याच गावात जाऊन राहिले, कारण 'फोरास्तेरो' म्हणजे उपऱ्या माणसाला मिता लागू नव्हती. गाव रिकामं होई, यादीतला आकडा मात्र तोच. तो भरायची जबाबदारी 'कुराका'वर, म्हणजे गावच्या पिढीजात मुखियावर. आपल्याकडच्या पाटलासारखीच त्याची दोन्हीकडून कोंडी: वरून सरकारचा तगादा, खालून भाऊबंदांचे शिव्याशाप. माणूस नाही मिळाला तर कुराकाने बदल्यात चांदी भरायची. त्या पैशातून खाणमालकाने दुसरा मजूर लावणं अपेक्षित होतं. अनेक मालकांनी खाण बंद ठेवून ते पैसेच खिशात घातले. अशा मजुरांना 'खिशातले इंडियन' म्हणत; इंडियन म्हणजे इथले मूळचे रहिवासी. डोंगरापेक्षा यादी जास्त पिकत होती.

पोतोसीत कोणी ना कोणी तुम्हाला सांगेल की या डोंगराने ८० लाख माणसं खाल्ली. या आकड्याला कागदाचा आधार नाही. मृत्यू भयंकर होते: दरडी, पडझड, धुळीने फुटलेली फुप्फुसं, पाऱ्याची वाफ, वाटेतली थंडी. १५५० मध्येच डोमिंगो दे सान्तो तोमास या धर्मगुरूने या डोंगराला नरकाचं तोंड म्हटलं होतं. पण आकडा फुगवला की मिताचा खरा परिणाम, म्हणजे शेकडो मैलांवरच्या गावांची विस्कटलेली घडी, नजरेआड होतो.

दुपारी बाजारात 'सोपा दे मानी' घ्या. दाण्याच्या कुटाचं सूप. चव आपल्या दाण्याच्या आमटीच्या अगदी जवळची, पण शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं, कारण उकळ बहुधा गोमांसाची असते. भुईमूग मूळचा याच बाजूचा. बटाटा अँडीजचा. मिरची, राजगिरा आणि साबुदाण्याचा कसावाही अमेरिकेचेच. आपली एकादशी बरीचशी अटलांटिक ओलांडून आली आहे.

तिसरा दिवस, शनिवार: वर चढताना

सुक्रे ते पोतोसी सुमारे १६० किलोमीटर, बसने तीन ते साडेतीन तास. सामायिक टॅक्सी लवकर पोचवतात, पण वळणं पाहता बस बरी. वाटेत पिल्कोमायो नदी लागते. तिच्यावर किल्ल्यासारखे बुरूज असलेला जुना झुलता पूल आहे. नदीचं नाव लक्षात ठेवा, ती परवा पुन्हा भेटणार आहे.

पुढे बेतान्सोसचा बटाट्याचा पट्टा. जून-जुलैत आलात तर या पठारांवर बटाटे उघड्यावर पसरलेले दिसतील. हा 'चुन्यो'. छोटे बटाटे शून्याखालच्या रात्री गोठवायचे, दिवसा उन्हात मऊ पडू द्यायचे, असं तीन-चार दिवस. मग पायांनी तुडवून पाणी आणि साल काढायची आणि खडखडीत वाळवायचे. वजन पाचव्या हिश्श्यावर येतं आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. ढगाळ रात्र आली तर पुरेसं गोठत नाही आणि बटाटा काळा पडून कुजतो. थोडक्यात, गोठवून केलेलं वाळवण. चार हजार मीटरवर फारसं पीक येत नाही, त्यामुळे शहराचं पोट भरलं ते अशा मालावर. स्पेनच्या विजयानंतरच्या पहिल्याच पिढीत कित्येक स्पॅनिश लोक खाणीत न उतरता पोतोसीला नुसता चुन्यो पुरवून गबर झाले.

पोतोसीत उतरल्यावर पहिली संध्याकाळ काहीही करू नका. डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक मरणं हे नेहमीचं. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात मिळतो. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा खोकल्यात फेस आला तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करून सुक्रेला उतरा. रात्रीची थंडी हिवाळ्यात शून्याच्या बरीच खाली जाते आणि साध्या हॉटेलांत हीटर नसतात. खोली घेताना पांघरुणं मोजा.

चौथा दिवस, रविवार: ओहोळ

सकाळी बाजाराजवळच्या सान लोरेन्सो चर्चची दगडी कमान पाहा. काम १७२८ ते १७४४ चं, मूळचा परगणा, म्हणजे एका चर्चच्या हाताखालची वस्ती, इंडियन मजुरांचा. पिळदार खांबांवर स्त्रियांची शिल्पं, वर सूर्य-चंद्र आणि तंतुवाद्य छेडणाऱ्या जलपऱ्या. साचा स्पॅनिश, हात स्थानिक. सूर्य-चंद्र ख्रिस्ती चित्रकलेतही असतात आणि इंका धर्मातही, त्यामुळे पाद्र्यांना हरकत घेता आली नाही.

इथून खाली उतरलं की 'रिबेरा'. शहराचे दोन तुकडे करणारा हा कृत्रिम पाण्याचा पाट. एका बाजूला चौकोनी गल्ल्यांचं स्पॅनिश गाव, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी मजुरांच्या वस्त्या. प्रत्येक प्रांताच्या लोकांना ठरलेला परगणा आणि ठरलेलं चर्च. असे चौदा परगणे होते. हजेरी घेणं सोपं जावं म्हणून.

रिबेराच्या काठाने 'इन्हेनिओ', म्हणजे चांदीच्या गिरण्या होत्या. भरात शंभरावर. आज पडक्या भिंती, दगडी कमानी आणि कोरडी टाकी उरली आहेत. सान मार्कोसच्या गिरणीचा जीर्णोद्धार झाला आहे. या भिंतींमध्ये दोन तास द्या, कारण पोतोसीचं इंजिन हे आहे.

१५४५ मध्ये खाण सुरू झाली तेव्हा दगड इतका संपन्न होता की तो नुसता वितळवला तरी चालायचं. हे काम स्थानिक लोक 'वायरा' नावाच्या मातीच्या भट्ट्यांत करत. उतारावर ठेवलेली, सगळीकडून भोकं पाडलेली भट्टी, भात्याऐवजी वाऱ्यावर चालणारी. रात्री डोंगरावर हजारो भट्ट्या पेटलेल्या दिसत. ज्ञान त्यांच्या हातात, म्हणून नफ्याचा मोठा वाटाही. १५७० च्या सुमारास वरचा चांगला दगड संपला आणि निकस दगड वायरात वितळेना. मेक्सिकोत १५५० च्या दशकात बसलेली पाऱ्याची पद्धत तोलेदोच्या वेळी इथे आली आणि धंद्याची सूत्रं मजुराच्या हातून गिरणीवाल्याच्या हाती गेली.

पद्धत अशी. पाणचक्कीच्या आसावर दांडे बसवलेले. ते फिरताना लोखंडी बुडाचे जड मुसळ उचलून खाली सोडतात. दगड कुटून त्याचं पीठ होतं, ते चाळतात, जाड भरड पुन्हा कुटतात. जाड राहिलं तर पारा आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. हे पीठ दगडी हौदात, 'काहोन'मध्ये. एका काहोनचं माप ५० क्विंटल. जुना स्पॅनिश क्विंटल ४६ किलोचा, म्हणजे सुमारे २,३०० किलो. त्यात साधारण ५ क्विंटल मीठ, पाणी, आणि वरून कापडातून पिळून दवासारखा शिंपडलेला पारा. मग मजूर अनवाणी पायांनी चिखल तुडवणार. सुरुवातीला हौदांखाली जाळही लावत, त्याने काम पाच-सहा दिवसांत होई. पण या उजाड पठारावर सरपण इतकं महाग झालं की पुढे उन्हावरच भागवावं लागलं आणि आठवडे लागू लागले.

मीठ आणि चिखलात मिसळलेलं तांब्याचं सल्फेट चांदीला गंधकापासून सोडवतात, पारा तिला धरून ठेवतो. प्रमाण चुकलं की पैसा गेला. तांब्याचं सल्फेट जास्त झालं तर पारा 'तापतो': करडा पडतो, बारीक थेंबांत फुटतो आणि धुताना वाहून जातो, उतारा चुन्याचा. कमी पडलं तर पारा चकचकीत राहून नुसता पळतो, चांदी धरतच नाही. म्हणून कारागीर रोज वाटीत थोडा चिखल धुऊन पाऱ्याचा रंग पाही. १५८७ च्या सुमारास लोखंडाचा कीस मिसळायची युक्ती निघाली आणि पाऱ्याची नासाडी घटली. तरीही किलोभर चांदीमागे किलो ते दोन किलो पारा कायमचा जायचा.

पुढे चिखल पाण्यात घुसळून धुवायचा. जड पारा-चांदीचा गोळा, 'पेया', तळाशी बसतो. तो जाड कापडात पिळला तरी त्यात चांदी जेमतेम सहावा हिस्सा. उरलेला पारा उडवायला गोळ्याचा शंकू करून झाकणाखाली तापवतात. वाफ थंड होऊन पारा परत मिळतो आणि मागे जाळीदार चांदीचा 'पिन्या', म्हणजे अननस, उरतो. झाकणाची फट राहिली की ती वाफ कामगाराच्या छातीत. हात थरथरणं आणि दात पडणं ही या कामाची ओळखीची खूण होती.

पारा येई पेरूतल्या वांकाव्हेलिकाहून; कमी पडला तर स्पेनमधल्या अल्मादेनहून किंवा आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रियाहून. तो सरकारी मक्तेदारीचा माल. त्यामुळे चांदीवरच्या पाचव्या हिश्श्याच्या करात चोरी झाली तरी खजिन्याला सुगावा लागे: पारा इतका नेला, मग चांदी इतकीच कशी?

पाचवा दिवस, सोमवार: कारी कारीचे तलाव

टांकसाळ बंद, हवा अंगवळणी पडलेली. आज पाण्याच्या उगमाकडे. शहराच्या पूर्वेला कारी कारी डोंगररांगेत साडेचार हजार मीटर आणि वर मानवनिर्मित तलाव आहेत. वाटाड्या घ्या, कारण पायवाटा फुटतात आणि दुपारी हवामान फिरतं. चार-पाच तास चालणं, दोन लिटर पाणी, कानटोपी, सनस्क्रीन.

पोतोसीत पाऊस डिसेंबर ते मार्च. तलाव नव्हते तेव्हा गिरण्या वर्षातले तीन-चार महिनेच फिरायच्या. तोलेदोच्या काळापासून पुढच्या पन्नासएक वर्षांत वीसहून अधिक तलाव बांधले गेले, एकातून दुसऱ्यात सोडत नेलेले. बांधाचा छेद कुठे उघडा पडला असेल तर थांबून पाहा: दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधे ठासलेली चिकणमाती. दगड वजन पेलतो, माती पाणी अडवते.

१५ मार्च १६२६ ला, पावसाळ्याच्या शेवटी, सान इल्देफोन्सोचा बांध फुटला. पाण्याचा लोंढा रिबेरातून गेला आणि बहुतेक गिरण्या मोडल्या किंवा गाळात गेल्या. मृतांचे आकडे सांगणाऱ्यागणिक वेगळे. काठावर पन्नास वर्षं साचलेला पाऱ्याचा गाळ खाली पिल्कोमायोत उतरला. गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण भरभराटीचं शिखर १५९२ च्या आसपासच येऊन गेलं होतं. शहराच्या नळांना आजही यातल्या काही तलावांचं पाणी येतं. या सगळ्या वारशात कामाची उरलेली गोष्ट बहुधा हीच.

सहावा दिवस, मंगळवार: डोंगर

आधी प्रश्न: खाणीत जावं का? दमा, हृदयविकार, बंद जागेची भीती किंवा गर्भारपण असेल तर नाही. बाकीच्यांनी समजून जावं: हे संग्रहालय नाही, सहकारी संस्थांची चालू खाण आहे. जस्त, शिसं, कथिल आणि थोडी चांदी निघते. पूर्वी खाणीत काम केलेला वाटाड्या निवडा. स्फोट करून दाखवतो म्हणणाऱ्याला टाळा. तो तमाशा आहे आणि डोंगर आधीच पोकळ आहे. २०११ मध्ये माथ्याचा एक भाग खचला, २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. ४,४०० मीटरच्या वर खोदायला बंदी असूनही खोदकाम होतं.

खाणकऱ्यांच्या बाजारातून भेटवस्तू न्यायची रीत आहे: कोकाची पानं, सरबताच्या बाटल्या, हातमोजे. सुरुंगाची कांडीही दुकानात भाजीसारखी मिळते. ती घेऊ नका. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क मुंबईहूनच आणा. आत भिंतींवरचे पांढरे-पिवळे फुलोरे शोभेचे दिसले तरी हात लावू नका. त्यांत आर्सेनिक असू शकतं. रुळांवर गाडा आला की वाटाड्या ओरडतो. भिंतीला चिकटायचं, पाय आत. टनभर भरलेला गाडा उतारावर थांबवता येत नाही. काही बोगद्यांत गारठा, काहींत तिसांच्या वर तापमान.

सुरुवातीची खाणकामं शिरेच्या, म्हणजे खडकातल्या चांदीच्या पट्ट्याच्या, मागे सरळ खाली जात. शिडी म्हणजे कातड्याचे तीन दोर, मधे काठ्यांच्या पायऱ्या. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. पाठीवर घोंगडीत बांधलेला २५ किलोच्या आसपास दगड. तीन-तीन माणसं एकामागे एक, पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती. वरचा एक निसटला की खालचे दोन गेले. आडवा बोगदा खणून शिरेला खालून गाठणं हा उपाय, पण तो वेळखाऊ: बेनिनोचा बोगदा १५५६ ला सुरू झाला आणि १५८५ ला पोचला.

सोमवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मितायोंची, म्हणजे मिताच्या मजुरांची, वाटणी होई, मग पाळी शनिवारपर्यंत. शनिवार रात्र ते रविवार खाण सुनी. त्या वेळात 'काख्चा' शिरत: खाण आपलीच आहे असं मानून दगड नेणारे मजूर. ते छोट्या हातगिरण्यांत चांदी काढत. अठराव्या शतकात सरकारी खजिन्यानेही ती मुकाट्याने विकत घ्यायला सुरुवात केली. चोरी की हक्क, हा वाद तेव्हा सुटला नाही, आणि आजच्या सहकारी संस्थांमध्ये त्याच बाण्याची चुणूक दिसते.

आतल्या कोनाड्यात 'तिओ' बसलेला असतो: शिंगं, मातीचं अंग, तोंडात सिगारेट, पुढ्यात कोका आणि ९६ टक्के अल्कोहोल. मंगळवार-शुक्रवार त्याचे मानाचे दिवस. बाहेर क्रूस, आत हा. नावाबद्दल एक मत असं की क्वेचुआ या स्थानिक भाषेत 'द' नसल्याने स्पॅनिश 'दिओस' म्हणजे देव, त्याचा तिओ झाला. त्याला सैतान म्हणून मोकळं होऊ नका. तो खनिजाचा मालक आहे, आणि वेशीबाहेरच्या म्हसोबाला नैवेद्य ठेवणाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

सातवा दिवस, बुधवार: टांकसाळ

'कासा दे ला मोनेदा' वाटाड्याबरोबरच पाहता येते, सुमारे दोन तास. दगडी भिंतींच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते. ही दुसरी टांकसाळ, १७७३ मध्ये पुरी झालेली; पहिली तोलेदोच्या काळची. अंगणातल्या कमानीवरचा हसरा मुखवटा वसाहतीच्या काळातला नाही, १८५० च्या दशकातला आहे.

तळमजल्यावर खेचरं गोल फिरत, त्यांच्या जोरावर वरच्या मजल्यावरचे स्पेनहून आणलेले लाकडी दातेरी रूळ चालत आणि चांदीच्या पट्ट्या दाबल्या जात. या उंचीवर खेचरं काही महिन्यांत खलास होत. इथल्या कामगारांत गुलाम आफ्रिकी लोकही होते. त्याआधीची नाणी हाताने पाडलेली, 'माकुकिना': पट्टीचा तुकडा, वर-खाली ठसा, घणाचा घाव, मग वजन जुळेपर्यंत कात्रीने कडा छाटायच्या. म्हणून एकही नाणं गोल नाही. आठ रियालांचं नाणं साडेसत्तावीस ग्रॅमचं, त्यात सुमारे ९३ टक्के चांदी, ठशाच्या बाजूला P आणि कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं आद्याक्षर.

हे आद्याक्षर ही जबाबदारीची सही, आणि तीच विकली गेली. १६४० च्या दशकात चांदीच्या व्यापाऱ्यांनी अधिकाऱ्यांना हाताशी धरून नाण्यात तांबं वाढवलं. युरोपात नाणी तपासली गेली आणि बोभाटा झाला. चौकशीला आलेल्या नेस्तारेस मारीनने फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या धनाढ्य व्यापाऱ्याला १६५० मध्ये देहान्त शासन दिलं. जुन्या नाण्यांची किंमत उतरवली गेली आणि १६५२ पासून लाटांवरच्या दोन खांबांचा नवा ठसा आला. जगातल्या बाजारांना पेरूच्या नाण्याचा (पोतोसी तेव्हा पेरूच्या व्हाइसरॉयच्या अमलात होतं) संशय मात्र बराच काळ राहिला.

वरच्या दालनातलं अठराव्या शतकातलं अनामिक चित्र चुकवू नका. कुमारी मेरीचा झगाच सेरो रिको झाला आहे. उतारावर वाटा, लामा, खाणकरी, इंका राजा, खाली पोप आणि सम्राट. भक्त मेरीला नमस्कार करतो की डोंगराला, हे चित्रकाराने मोकळं सोडलं आहे.

संध्याकाळी सान फ्रान्सिस्को मठाच्या छपरावर चढा. मावळतीच्या उन्हात डोंगर तांबडा दिसतो. नंतर 'कालापुर्का', मक्याच्या पिठाची दाट कढी, वाढताना वाडग्यात तापलेला दगड टाकून उकळलेली. एरवी त्यात मांस असतं.

आठवा दिवस, गुरुवार: उतार

उयुनीकडच्या बस जुन्या स्थानकावरून सुटतात, सुक्रे-ला पाझच्या नव्यावरून. टॅक्सीवाल्याला स्पष्ट सांगा. रस्ता रोखून धरणं हे इथलं नेहमीचं राजकीय हत्यार आहे, म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हवाच. आणि बॅगा उलटून तपासा: कोकाचं पान, अगदी चहाची पुडीसुद्धा, भारतात अमली पदार्थ विरोधी कायद्याखाली येते, वाटेतल्या बऱ्याच देशांतही.

चांदी इथून लामांवर आणि खेचरांवर आरिकाच्या बंदराला जाई, तिथून कायाओ, पनामाची चिंचोळी पट्टी, हवाना, सेव्हिल. पुढचा मोठा भाग युरोपात थांबलाच नाही. लिस्बनहून गोव्याला निघणाऱ्या जहाजांवरचा मुख्य ऐवज हेच रियाल, आणि डच-इंग्रज सुरतेला मसाल्या-कापडासाठी हेच आणत. मुघल टांकसाळीत ते कस लावून वितळत आणि रुपये होऊन बाहेर पडत. तिथला सराफ राजाचं चित्र पाहत नसे, वजन आणि कस पाही. मेक्सिकोच्या रियालाला तो झटकन भाव देई, पेरूच्या रियालाला दोनदा घासून.

भारतातल्या एखाद्या नाणेसंग्रहात वेडंवाकडं, कडा छाटलेलं स्पॅनिश नाणं दिसलं तर टांकसाळीची खूण शोधा. M वर छोटा o असेल तर मेक्सिको. नुसता P, शेजारी एक अक्षर आणि खाली लाटांवर दोन खांब असतील, तर ते पोतोसीचं, १६५२ नंतरचं.